भोपळे बांधलेलं विमान

लहानपणी मी कृष्णेत पोहायला शिकले ती पाठीला सुका भोपळा बांधून. आमच्या गावातली सगळी पोरं तशीच शिकायची. भोपळा बांधला की माणूस बुडत नाही, पण ते काही पोहणं नव्हे, नुसतं तरंगणं. ज्या दिवशी काका पाठीवरची गाठ सोडायचे तो खरा दिवस. माझी गाठ त्यांनी मला न सांगता सोडली, भर डोहात. काठावर आल्यावर भोपळा त्यांच्या हातात बघितला आणि मग मला रडू फुटलं. पण तोवर पोहून झालं होतं ना! एवढं आधी सांगते, कारण पुढं चंदीगडला जेव्हा विमानाला भोपळे बांधलेले बघितले तेव्हा मला पहिल्यांदा काकांचीच आठवण झाली.

चंदीगडला आलो ते यांच्या बदलीमुळं. हे केंद्र सरकारच्या कचेरीत. सत्तरच्या पुढची ती वर्षं. सेक्टर सत्तावीसमध्ये क्वार्टर मिळालं. मुलं शाळेत आणि हे ऑफिसात गेले की घरात मी, आणि बाहेर ते सरळसोट रस्ते. वळण नसलेल्या रस्त्यावर कुणी अचानक भेटत नाही बघा, माणूस लांबूनच दिसतं आणि लांबूनच टाळता येतं. मी जे काही बोलायचे ते भाजीवाल्याशी आणि शेजारच्या सरदारणीशी, माझ्या मोडक्या हिंदीत.

विमान शिकायची हौस यांना होती, मला नव्हती. विमानतळाच्या एका कडेला फ्लाइंग क्लब होता, तिथं यांनी नाव घातलं. सोबत म्हणून मी जायची, डब्यात चिवडा घेऊन. पण वर गेलं की यांचं पोट ढवळायचं. एकदा उतरले ते पांढरेफटक, सरळ गवतात जाऊन बसले. शिकवणारे म्हणाले, "भाभीजी, सीट खाली है, आप बैठेंगी?" मी चिवड्याचा डबा यांच्या मांडीवर ठेवला आणि बसले. ते छोटं, दोन माणसांचं, कापडानं मढवलेलं विमान वर उठलं, खाली सगळे सेक्टर चौकटीच्या चादरीसारखे पसरले, आणि मला काही म्हणजे काही झालं नाही. भूक लागली फक्त.

यांनी सोडलं आणि मी धरलं. मी आपली मॅट्रिक. वाऱ्याचं आणि इंजिनाचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलं. मुलांचा अभ्यास घेता घेता माझा करायची. खासगी पायलटचं लायसन्स मिळालं तेव्हा यांनी आख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. पाहुण्यांसमोर म्हणायचे, "आमच्याकडं विमान ही चालवते, मी आपला स्कूटर." पाहुणे हसायचे. पाहुणे गेले की ताटावर बसल्यावर, "आमटीत मीठ नाही. ढगात होतीस का?" दोन्ही वाक्यं एकाच माणसाची. पहिलं लोकांसाठी होतं, दुसरं माझ्यासाठी.

मग क्लबात कॅप्टनसाहेब आले. वयस्कर सरदारजी, कॅनडात बरीच वर्षं काढून परतलेले. तिकडं म्हणे तळी इतकी की गावाला रस्ता नसतो, विमान पाण्यावर उतरतं आणि तेच गावची एस. टी. येताना त्यांनी मोठ्या लाकडी पेट्यांतून दोन फ्लोट आणले होते. फ्लोट म्हणजे होडीसारखे लांबट, आतून पोकळ, ॲल्युमिनियमचे. विमानाची चाकं काढायची आणि त्या जागी ते लावायचे. मी बघितलं आणि म्हटलं, "हे तर भोपळे!" त्यांना भोपळा म्हणजे काय ते हातवारे करून सांगितलं, नदी, पाठ, गाठ, सगळं. ते इतके हसले की पगडी सावरावी लागली. त्या दिवसापासून तेही 'भोपला' म्हणायला लागले.

उतरायला पाणी म्हणजे शहराच्या कडेचा सुखना तलाव, आणि तिथं इंजिनाच्या बोटीलासुद्धा बंदी. पण क्लबाचे सेक्रेटरी खटपटे गृहस्थ. त्यांनी कुठून कुठून परवानगी मिळवली: पाऊस संपून तलाव भरला की सुरू करायचं, सकाळी लवकर उडायचं, आणि थंडीचे पाहुणे पक्षी यायला लागले की बंद. क्लबाचं एक जुनं विमान पंख काढून ट्रकवरून तलावावर नेलं, तिथं जोडलं, त्याला भोपळे बांधले. शिकायला आम्ही तिघंचौघं. मी, दोन रिटायर्ड फौजी, आणि एका सॉमिलवाल्यांचा तरणाबांड मुलगा. त्याचे वडील क्लबाच्या कमिटीवर होते.

कॅप्टनसाहेबांचा एक नियम होता. फ्लोटच्या पोटात कप्पे असतात, आणि कितीही जपलं तरी रात्रीतून त्यांत थोडं पाणी झिरपतंच. म्हणून उडण्याआधी एकेका कप्प्याचं झाकण काढायचं, हातपंपाची नळी आत घालायची आणि पाणी उपसायचं. एखादा कप्पा भरलेला राहिला तर विमान त्या बाजूला कलतं, आणि पाण्यावरून उठता उठता उलटंही होऊ शकतं. तर नियम असा, की जो उडणार त्यानंच पंप मारायचा. "दूसरे के पंप पर कोई नहीं उड़ेगा," ते म्हणायचे. "अपना भोपला अपने हाथ से देखो." फौजी कुरकुर करत वाकायचे. सॉमिलवाल्यांचा मुलगा शर्टाच्या बाह्या ओल्या झाल्या की तोंड वाकडं करायचा. मला त्याचं काहीच वाटायचं नाही. घरात पाणी भरणं, उपसणं, पुसणं, जन्म त्यातच गेलेला. उलट पंपाच्या आवाजावरून कुठल्या कप्प्याचा सांधा सैल झालाय ते मला कळायला लागलं.

पाण्यावरचं विमान म्हणजे फार वेगळं प्रकरण. त्याला ब्रेक नसतात. दोर सोडला की चाललंच ते, वारा नेईल तिकडं. इंजिन चालू करायच्या आत तुम्ही बंधाऱ्याकडं तोंड करून निघालेले असता. वेग घेतला की आधी पाणी जीव खाऊन धरून ठेवतं, मग एकदम भोपळे पाण्याच्या पाठीवर चढतात, खडखड थांबते, नुसतं घसरत जातं. आणि मग कधी सुटलं ते कळतसुद्धा नाही. काकांनी गाठ सोडली तसंच.

सगळ्यात अवघड काय, तर वारा पडलेला असताना उतरणं. लाटा असल्या की पाणी दिसतं. वारा नसला की तलाव आरसा होतो, शिवालिकचे डोंगर त्यात उलटे उभे राहतात, आणि पाणी हाताशी आहे की घराएवढं खाली आहे ते डोळ्याला कळत नाही. भले भले तिथं फसतात. कॅप्टनसाहेब सांगायचे, पाण्याकडं बघूच नको. काठाकडं बघ. काठाला धरून ये, इंजिन थोडं चालू ठेव, नाक जरा वर, आणि पाण्याची वाट बघू नको. ते येईल तेव्हा येईल. त्यांनी हे माझ्याकडून पुन्हा पुन्हा करवून घेतलं, आणि मला ते साधलं. फौजींना साधलं नाही, त्यांना पाणी शोधायची घाई. सॉमिलवाल्यांचा मुलगा तर दर वेळी आपटायचा. एका सकाळी मी आरशावर उतरले ती इतकी हलकेच, की कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "उतर गये क्या?" चेष्टाच केली, पण ती मी आजवर जपून ठेवली आहे.

ते म्हणाले, "बेटा, अब अकेली. पहली तू."

अकेली. मला तेवढंच हवं होतं. नाव नको, पेपर नको. पाण्यावरून एकटीनं उठायचं आणि एकटीनं उतरायचं. शेजारच्या सीटवर कुणी नाही. हातात भोपळा धरून काठावर उभं असलेलं कुणी असलं तर असो.

सेक्रेटरींना हे कळलं आणि त्यांच्या डोक्यात कल्पना आली. प्रशासनातले एक बडे साहेब परवानगीच्या कामात उपयोगी पडले होते. त्यांना सपत्नीक बोलवू, पेपरवाल्यांना बोलवू, लेडी पायलट सुखन्यावर, वाहवा! मला म्हणाले, "भाभीजी, साड़ी पहनके आइए. फोटो में अच्छा लगेगा."

मी म्हटलं, "साडी नेसून उडू कशी? पायात अडकेल."

"अरे, फोटो के लिए!"

म्हणून मी आत सलवार-कमीज घातली आणि वरून साडी नेसले. बेत असा, की फोटो झाला की साडी सोडून यांच्या हातात द्यायची आणि जायचं. यांना सांगून ठेवलं होतं. हे म्हणाले, "भर लोकांत साडी सोडणार?" मी म्हटलं, "अहो, आत कपडे आहेत!" तरी तोंड आंबटच.

त्या सकाळी मी अंधुकातच जाऊन सगळे कप्पे उपसले. उजेड झाल्यावर लोक जमले. तलावाकाठच्या फिरण्याच्या रस्त्यावर आपली मराठी मंडळीही बरीच, यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. बायका नटून आलेल्या. मला आत बसवलं. विमान धक्क्याला दोरानं बांधलेलं, पंखा थांबलेला. फोटोवाला म्हणाला, इकडं बघा, हसा. मी हसले. खरंच हसले हो, उसनं नव्हतं ते. हात दांड्यावर, पदर खोचलेला.

मग सेक्रेटरी आले. "भाभीजी, ज़रा पाँच मिनट. मेमसाब आपसे मिलना चाहती हैं."

मी उतरले. धक्क्याच्या टोकाला तंबू ठोकला होता, तिथं मेमसाहेब. कुणीतरी माझ्या हातात चहाचा कप दिला. मेमसाहेब विचारत होत्या, "डर नहीं लगता?" मी उत्तर देत होते, आणि माझ्या पाठीमागं इंजिन सुरू झालं.

वळून बघितलं तर दोर सुटलेला. विमान निघालेलं. आत सॉमिलवाल्यांचा मुलगा.

सेक्रेटरी माझ्या बाजूलाच उभे. हळूच म्हणाले, "हवा बंद हो गयी, भाभीजी. पानी देखिए, शीशा है. इतने बड़े लोग आये हैं, रिस्क नहीं ले सकते. लेडीज़ का मामला है."

पाणी खरंच आरसा होतं. म्हणजे जे मला सगळ्यांत चांगलं येत होतं नेमकं तेच त्या दिवशी होतं, आणि त्याचंच कारण सांगून मला उतरवलं. मी कॅप्टनसाहेबांकडं बघितलं. ते धक्क्यावर, सुटलेला दोर हातात गुंडाळत होते. माझ्याकडं बघेनात. माझ्या पंपावर दुसरा उडाला होता, आणि ज्यांनी तो नियम केला ते दोर गुंडाळत होते. सेक्रेटरींचा मला राग आला तो चार दिवस टिकला. कॅप्टनसाहेबांचा अजून आहे.

तो उठला, डोंगराकडून वळसा घेऊन आला आणि पाण्याचा अंदाज चुकून आपटला. उसळला, पुन्हा आपटला. लोकांना वाटलं कसरत केली. टाळ्या पडल्या. लांबच्या लोकांना आत कोण ते काय दिसणार? आपल्या बायका रुमाल हलवत होत्या, माझ्या नावानं. मी तंबूत, हातात गार झालेला चहा, साडीच्या आत सलवार, घामानं नुसती भिजलेली. हे गर्दीतून पुढं आलेले. त्यांनी मला बघितलं. आमची नजरानजर झाली. मग ते पुन्हा मागं वळले आणि मंडळींत मिसळले.

दुसऱ्या दिवशी पेपरात माझा हसरा फोटो, आणि खाली लिहिलेलं की महिला वैमानिकानं सुखना तलावावरून उड्डाण केलं.

दिवाळीनंतर आपल्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन होतं. तिथं माझा सत्कार ठरला. मी यांना म्हटलं, "मी जाणार नाही. मी उडवलं नाही ते."

"लोकांना आनंद झालाय. पंजाब्यांच्या गावात आपल्या एका बाईचं नाव झालं. तुझं काय जातंय?"

"माझं विमान गेलं."

"तुला काय, रोजच उडायचंय."

गेले. शाल दिली, नारळ दिला, ओटी भरली. बोला म्हणाले. मी माईक धरला आणि सरळ सांगितलं, "त्या दिवशी ते विमान मी उडवलं नाही. मी खाली चहा घेत होते."

सभागृह खो खो हसलं. मी पुन्हा म्हटलं, "थट्टा नाही हो. दुसरंच कुणी उडवत होतं." आणखी हशा, आणि मग टाळ्या. अध्यक्ष डोळे पुसत उभे राहिले. म्हणाले, "बघा मंडळी! एवढं करून वर म्हणतात, मी काही केलंच नाही. याला म्हणतात आपले संस्कार! दुसरं कुणी असतं तर ढोल बडवला असता." पहिल्या रांगेतल्या वहिनी शेजारणीला म्हणत होत्या, "किती साधी आहे गं." आमच्या लोकांत खरं बोलायची सोय नाही, एवढं मात्र त्या दिवशी कळलं. बाई मोठं बोलली तर गर्विष्ठ, आणि नाही म्हणाली तर विनयशील. तिसरं काही ती म्हणत असेल, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. हे पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. सगळ्यांत जोरात.

मी नारळ पिशवीत टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबात गेले. म्हटलं, झालं ते झालं, आता माझी पाळी द्या. सेक्रेटरी प्रेमानंच म्हणाले, "भाभीजी, आपकी तो हो गयी!"

"मेरी नहीं हुई. आपको मालूम है."

"पूरे शहर को मालूम है कि हो गयी. अब दूसरों को भी मौका दीजिए न. आप फिर से जाएँगी तो लोग पूछेंगे, पहली बार में क्या हुआ था?"

बघा, कसा पेच! मी उडाले असं सगळ्या गावानं मानलं, म्हणून मला उडता येईना. मी कॅप्टनसाहेबांना गाठलं. ते तलावावर, फ्लोटवर वाकलेले. एका कप्प्याचं झाकण त्यांनी घट्ट बसवलं. मग म्हणाले, "जहाज़ क्लब का है, बेटा. मेरे तो सिर्फ़ भोपले हैं. अगले साल."

मी म्हटलं, "आपने बोला था, दूसरे के पंप पर कोई नहीं उड़ेगा."

त्यांनी मान हलवली. बस. नाही म्हणून की हो म्हणून, देव जाणे.

तरी मी रोज सकाळी जात राहिले. पंप मारायची, आणि म्हणायची, मी उपसलंय, मी जाते. फौजी बिचारे खाली बघायचे. कुणी तरी येऊन माझ्याआधी आत बसायचं, नाही तर वारा जास्त व्हायचा, नाही तर परवानगीची वेळ संपायची. मग एक दिवस पहाटे गेले तर तलावावर पक्षी. कुठून कुठून आलेली बदकं, थव्यानं उतरत होती, त्या आरशावर. पाय पुढं, छाती वर, नीट काठ धरून. त्यांना कुणी फोटोसाठी थांबवलं नव्हतं.

विमान काढलं. पंख सोडवले, ट्रकवर चढवलं, भोपळे पुन्हा पेट्यांत गेले. पुढच्या वर्षी परवानगी मिळाली नाही आणि कॅप्टनसाहेब कॅनडाला लेकीकडं परत गेले. मी काही दिवस चाकांचं विमान उडवलं. पण धावपट्टीवर उतरताना खालचं डांबर इतकं स्पष्ट दिसायचं, की मन लागेना. हळूहळू सोडलं. आमटीत मीठ नीट पडायला लागलं.

ऐंशीच्या पुढं एकदोन वर्षांनी आमची बदली नागपूरला झाली. सामान बांधताना यांनी कपाटातून तो फोटो काढला. फोटोवाल्यानं मला मोठी प्रत भेट दिली होती. मी ती कागदात गुंडाळून साड्यांच्या खाली टाकलेली. हे म्हणाले, "हा फ्रेम करून नेऊ. नव्या गावात भिंतीवर लावायला होईल."

मी म्हटलं, "राहू दे ना."

"का? चांगला आलाय. हसतेस बघ कशी."

सेक्टर बावीसमध्ये फ्रेमवाल्याकडं गेलो. मी सोबत होते, बाजाराच्या पिशव्या घेऊन. त्यानं फोटो काउंटरवर पसरला. त्यात मी, पदर खोचलेला, हात दांड्यावर. खाली एका भोपळ्याच्या कडीला बांधलेला दोर, धक्क्यापर्यंत ताणलेला, अगदी स्वच्छ दिसत होता. पेपरात बारीक छापलेला तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नसणार. फ्रेमवाला म्हणाला, "साबजी, साइज़ बड़ा है. नीचे से थोड़ा काटना पड़ेगा. कितना काटूँ?"

यांनी चष्मा लावला. वाकून बघितलं. बोट ठेवून दाखवलं.

"रस्सी चली जाए, इतना."

म्हणजे दोर त्यांनाही दिसत होता. पहिल्यापासून. फ्रेमवाल्यानं पट्टी धरली आणि पातं ओढलं. खालची कापलेली पट्टी काउंटरवरून घरंगळून माझ्या पायाशी पडली. मी ती उचलली आणि कोथिंबिरीच्या पिशवीत ठेवली. हे फ्रेमचा रंग निवडत होते.